कोल्हापूरहून गारगोट्यांच्या शोधात : जंगलाकाठच्या एका दिवसाची आखणी

राधानगरी, दाजीपूर, भुदरगड, आजरा, चंदगड. नकाशावर हिरवा रंग दिसला की दगड गोळा करायचा नाद नव्याने लागलेल्यांना वाटतं, जिथे माणूस फिरकत नाही तिथेच चांगला माल असणार. आमचा पहिला सल्ला बरोबर उलटा आहे. जंगलात खणायचं नाही. कायद्याने ते चालत नाही, आणि खणलं तरी हाती काही लागत नाही.

कायद्याचं आधी बघू. भारतीय वन अधिनियम १९२७ मध्ये 'वनउपज' म्हणजे काय ते सांगितलंय, आणि जंगलात सापडलेला किंवा जंगलातून आणलेला दगड त्यात येतो. म्हणजे कुदळीने काढलेलाच नव्हे, पायवाटेवरून उचलून खिशात टाकलेला खडाही वनउपजच. राखीव वनात दगड काढणं कलम २६ खाली गुन्हा आहे. राधानगरी अभयारण्य ३५१ चौरस किलोमीटरचं. तिथे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ ची बंधनं वेगळी. पन्हाळ्यासारख्या केंद्रीय संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरच्या आतही खणणं बंद. आणि पन्हाळा तर २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत गेला आहे, तिथे हातोडा बाहेरही काढू नये.

आता दगडाचं. घाटमाथ्याच्या जंगलाखाली बहुतेक ठिकाणी जांभा आहे, नाहीतर जाड माती. जांभा म्हणजे मूळ काळा दगड पावसाने लाखो वर्षं धुऊन धुऊन उरलेला लोखंड-ॲल्युमिनियमचा चोथा. त्या धुण्यात मऊ स्फटिक आधी जातात, त्यांची चिकणमाती होते. म्हणून मसाई पठार किंवा गगनबावड्याच्या सड्यावर (जांभ्याच्या उघड्या पठारावर) दिवस घालवला तरी स्फटिक मिळत नाहीत. शिवाय सड्यावरची फुलं आणि बेडूक त्या पातळ मातीवर आणि सुट्या दगडांच्या आडोशावरच जगतात. तिथला दगड उलटा करून ठेवला तरी नुकसान होतं.

मग जायचं कुठे? ताज्या विहिरीच्या डबरावर (खोदताना बाहेर टाकलेल्या दगडांच्या ढिगावर), परवानगी देणाऱ्या मालकाच्या दगडखाणीत, आणि नदीच्या गोट्यांत. या तीन जागांची आखणी नीट केली तर जंगलाच्या कडेला राहूनही दिवस सार्थकी लागतो.

थर ओळखल्याशिवाय कुदळ उचलू नका. आपला काळा दगड म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे एकावर एक थिजलेले प्रवाह. कोल्हापूर भागातले प्रवाह या थप्पीच्या वरच्या भागातले. त्यातल्या एका गटाला भूवैज्ञानिकांनी 'पन्हाळा' हेच नाव दिलंय. प्रत्येक प्रवाहाची रचना साधारण सारखी असते. तळाशी थोडे नळीसारखे बुडबुडे, मध्ये घट्ट काळा पाषाण, आणि माथ्यावर भरपूर छिद्रांचा मांजऱ्या. विहीर खोदणाऱ्यांना हे शब्द तोंडपाठ असतात. लाव्हा थिजताना वायूचे बुडबुडे वर चढून माथ्याच्या सालीत अडकले, तो मांजऱ्या. पुढे त्यातून कोमट-गरम पाणी झिरपलं, दगडातलं सिलिका, कॅल्शियम, सोडियम त्यात विरघळलं आणि बुडबुड्यांच्या पोकळीत बसलं. कधी गारगोटी आणि अकीक म्हणून, कधी कॅल्साइट म्हणून, कधी स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट, स्कोलेसाइट असे झिओलाइट, म्हणजे आत पाणी धरून असलेले मऊ स्फटिक, म्हणून.

दोन प्रवाहांच्या मध्ये पुष्कळदा तांबडा मऊ थर दिसतो, कुंकवासारखा. पहिला प्रवाह थिजल्यावर काही काळ उघडा राहिला, त्याची माती झाली, आणि वरून दुसरा लाव्हा येऊन ती भाजली गेली. खाणीच्या भिंतीत हा पट्टा सापडला की त्याच्या लगेच खाली बघा. तिथे खालच्या प्रवाहाचा माथा असतो, म्हणजे मांजऱ्या. घट्ट पाषाणात दिवसभर घण मारून जे मिळत नाही ते या दोन-तीन मीटरांत मिळतं.

अपेक्षा मात्र बेताची ठेवा. वाघोली, जळगाव, नाशिककडचे हातभर पोकळीतले झिओलाइट आपल्याकडे नाहीत. इकडचे प्रवाह बरेचसे एकसंध, त्यामुळे घट्ट पाषाण जास्त आणि मांजऱ्या कमी. शेंगदाण्याएवढ्या ते लिंबाएवढ्या पोकळ्या धरून चला. मोठे नमुने नुसते बघायचे असतील तर सिन्नरचं गारगोटी संग्रहालय बघून या. डोळा तयार होतो. जिल्ह्याच्या दक्षिण भागात काही ठिकाणी लाव्ह्याखालचे जुने कलादगी वालुकाश्म आणि क्वार्टझाइट उघडे पडलेत, तिथे दगडाची जात वेगळी. पोकळीतले झिओलाइट तिथे शोधू नयेत.

आखणी तीन आठवडे आधी सुरू करा. पहिला आठवडा नकाशाचा. सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशात कोल्हापूर आणि पूर्वेकडचा भाग ४७ एल मध्ये येतो, ७४ अंश रेखांशाच्या पश्चिमेचा घाट ४७ एच मध्ये. भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या 'भूकोश' संकेतस्थळावर खडकांचे थर दिसतात. जागा ठरली की गट नंबर काढा आणि सातबारा बघा. मालक कोण, जमीन खाजगी की वन खात्याची की गायरान, हे त्यावरून कळतं. जंगलाला लागून असलेल्या गटांत हद्दीचा दगड किंवा चर कुठे आहे ते वनरक्षकाला विचारून घ्या. मोबाइलवरची निळी खूण झाडीत ८-१० मीटर इकडेतिकडे सरकते. हद्दीपासून निदान ५० मीटर अलीकडे काम करा.

दुसरा आठवडा परवानगीचा, आणि सहल इथेच जमते किंवा मोडते. विहिरीची कामं फेब्रुवारी ते मे चालतात, तेव्हा यारी (दगड वर ओढायचं यंत्र) बसलेली विहीर रस्त्यावरून दिसते. मालकाला आधी फोन करा, मग एकदा समक्ष भेटा. 'झिओलाइट' म्हणालात तर कुणाला कळत नाही. 'पाषाणातनं भिंगासारखे पांढरे खडे निघाले का, काका?' असं विचारलं की लगेच उत्तर येतं, आणि पुष्कळदा घराच्या कट्ट्यावर ठेवलेला एखादा खडा बाहेर येतो. गावात एक शंका हमखास असते : गुप्तधन काढायला आलेत. म्हणून अमावास्या-पौर्णिमा टाळा, अंधारात काम करू नका, आणि काय शोधताय ते एखादा नमुना हातात देऊन दाखवा. पोलीस पाटलांच्या कानावर घातलेलं चांगलं.

साधा एक पानी अर्ज करा. त्यात सगळ्यांची नावं, तारीख, सकाळी ७ ते दुपारी २ ही वेळ, हातातली अवजारं, यंत्र किंवा सुरुंग वापरणार नाही, जास्तीत जास्त २५ किलो दगड नेणार, विक्री करणार नाही, इजा झाली तर जबाबदारी आमची, एवढं असावं. खाली मालकाची सही, एक प्रत त्यांना, एक गाडीत. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ४८ प्रमाणे खनिजावर हक्क सरकारचा आहे, शेत कुणाचंही असो. मालकाच्या संमतीने डबरातून चार नमुने घेणं वेगळं आणि पोती भरून नेणं वेगळं. विकायचं मनात असेल तर आधी तहसील कार्यालय आणि जिल्हा खनिकर्म अधिकाऱ्यांकडे जावं लागतं.

चालू खाणीत, म्हणजे शिये, टोप, कासारवाडी अशा पट्ट्यात, सुट्टीचा दिवस मागून घ्या. सुरुंगाची वेळ आणि शेवटचा सुरुंग कधी उडवला ते मुकादमाला विचारा. डबरात रंगीत वायर, कागदात गुंडाळलेली कांडी किंवा भोकात अडकलेला काही तुकडा दिसला तर हात लावायचा नाही, ठोकायचं नाही, तिथून सगळ्यांनी मागे यायचं आणि मुकादमाला सांगायचं. न फुटलेला सुरुंग आठवड्याने जुना झाला म्हणून निकामी होत नाही.

तिसरा आठवडा तयारीचा. अवजारं कमी पण नीट हवीत. एक किलोची सुतकी (छोटा हातोडा), दीड-दोन किलोचा लांब दांड्याचा घण, दोन छिन्न्या (एक चपटी ४० मिमी, एक टोकदार), दोन लोखंडी पाचरी, पाऊण मीटरची पहार, छोटी कुदळ. विकतचा भूवैज्ञानिकांचा हातोडा असला तर उत्तम. नसला तर अडत नाही. कोल्हापूरच्या उद्यमनगरात छिन्नी करून घेताना कारागिराला सांगा की धार कडक हवी, पण डोकं मऊ राहू दे. डोक्यालाही पाणी दिलं (तापवून पाण्यात बुडवून कडक केलं) तर घावाबरोबर त्याची कपची उडते, आणि ती डोळ्यात गेली तर डोळा जातो. त्याच कारणाने हातोड्यावर हातोडा कधी मारू नये. छिन्नीचं डोकं छत्रीसारखं पसरलं की ग्राइंडरवर घासून सारखं करून घ्या.

डोळ्यांना बाजूनेही बंद असलेला चष्मा प्रत्येकाला. उन्हाचा गॉगल चालत नाही. काळ्या पाषाणाची कपची काचेसारखी धारदार असते. चामडी हातमोजे, घोट्यापर्यंतचे बूट, खाणीत हेल्मेट. पाणी माणशी ४ लिटर. मार्चनंतर खाणीची भिंत तव्यासारखी तापते. खाण्याला भाकरी-चटणी, भडंग, गूळ-शेंगदाणे पुरतात.

माणसं तीन किंवा चार. दोघांत कुणी जखमी झालं तर एकाला जागा सोडून मदतीला जावं लागतं. पाचांच्या वर गेलात तर एकमेकांच्या घावाच्या टप्प्यात येता. एकजण ठोकणार, एकजण वरच्या भिंतीवर लक्ष ठेवणार, एकजण गुंडाळून चिठ्ठ्या लिहिणार. भिंत जितकी उंच, निदान तितकं लांब राहून काम करा. तिच्या पायथ्याशी बसून चांगला दगड दिसत असला तरी तो सोडा. जुन्या खाणीतल्या पाण्यात उतरू नका. कडा सरळ तुटलेली असते, खोली कळत नाही आणि वर यायला पाय ठेवायला जागा नसते.

सापांचं भान हवं. डबराच्या ढिगात आणि जांभ्याच्या सुट्या दगडांखाली फुरसं असतं, लहान आणि मातीच्याच रंगाचं. दगड हाताने नाही, पहारीने उचला, आणि नेहमी स्वतःकडे उलटा. मग दगडाची ढाल मध्ये राहते आणि साप पलीकडे निघून जातो. चावलाच तर कापणं, चोखणं, घट्ट आवळणं काही करू नका. तो हात-पाय हलू न देता १०८ ला फोन आणि थेट शासकीय रुग्णालय. रेंज कुठपर्यंत आहे ते सकाळीच बघून ठेवा. खाणीच्या कड्याला आग्या मोहोळ असेल तर त्या भिंतीजवळ घण मारायचाच नाही, हादऱ्याने मोहोळ उठतं. जंगलकाठच्या शेतातून आल्यावर अंगावर गोचीड आहे का ते नीट तपासा. शेजारच्या दोडामार्गात २०१६ पासून माकडताप आहे आणि तो मुख्यतः गोचिडीतून येतो. पहाटे-सांजेला गवे शेतात उतरतात, म्हणून दुपारी दोनला आवरायचं म्हणजे आवरायचंच.

आता प्रत्यक्ष दगड. डबराच्या ढिगावर चढून खणायला लागू नका. आधी ढिगाभोवती दोन फेऱ्या मारा, एक सूर्याकडे तोंड करून, एक पाठ करून. स्फटिकाचा सपाट पैलू विशिष्ट कोनातूनच चमकतो. एका फेरीत निम्मे सुटतात. विहिरीचा ढीग उलट्या क्रमाने रचलेला असतो हे ध्यानात ठेवा : सगळ्यात खोलचा दगड सगळ्यात शेवटी, म्हणजे वर पडलेला. किती फुटांवर काय लागलं ते यारीवाल्याला विचारलं की ढिगाचा कुठला भाग चाळायचा ते ठरतं.

आवाज ऐकायला शिका. सुतकीने हलकं टोचलं की घट्ट पाषाण घंटेसारखा खणखणतो. कुजलेला दगड बद्द वाजतो. मांजऱ्या मधला, थोडा दबका. बाहेर टाचणीच्या डोक्याएवढे पांढरे ठिपके दाट असतील आणि त्यात कुठे एखादा हिरवट कडा असलेला गोल दिसला, तर आत मोठी पोकळी असण्याची शक्यता चांगली. ती हिरवट साल म्हणजे पोकळीच्या भिंतीवर पहिल्यांदा बसलेला मातकट थर.

पोकळी दिसली की सगळ्यांत मोठी चूक होते ती तिथेच छिन्नी लावण्याची. स्टिल्बाइट किंवा त्याच्यासोबत सापडणारं अपोफिलाइट हे स्फटिक एका दिशेने सहज चिरतं. तिथे दिलेला घाव दगड फोडायच्या आधी स्फटिक उतरवतो, आणि पोकळीत नुसता पांढरा चुरा उरतो. पोकळीपासून वीतभर लांब, चारी बाजूंनी फिरत, हलके घाव घालत एक रेघ पाडा. दगडात नैसर्गिक भेग असेल तर तीच धरा. तिच्यात दोन पाचरी बसवून आळीपाळीने ठोका, एकीला चार घाव, दुसरीला चार. पाचरीचा आवाज वर चढत जातो आणि मग एकदम खाली येतो. तिथे थांबा. भेग पडलेली असते, पहारीने उघडायची. घणाने शेवटचा जोर लावायचा मोह झाला की माल गेलाच म्हणा. पोकळीत आधी ओला टिशू पेपर हलक्या हाताने कोंबून ठेवला तर सुटलेले स्फटिक निदान हरवत तरी नाहीत.

वजनाचा हिशेब आधी करा. फूटभर लांब, रुंद आणि उंच काळा दगड ८० किलोच्या घरात जातो. पाठीवर १० किलोच्या वर नको. दगड जागेवरच छाटून तळहाताएवढा करा, मागे बोट-दोन बोटं मूळ खडक राहू द्या.

ओळख जागेवरच होते. चाकूने ओरखडा निघत नाही आणि काचेवर ओरखडा पडतो, ती गारगोटी किंवा अकीक. चाकूने सहज ओरखडा निघतो आणि चुऱ्यावर लिंबू पिळलं की बुडबुडे येतात, ते कॅल्साइट. चाकूने ओरखडा निघतो, लिंबाने काही होत नाही आणि पैलूवर मोत्यासारखी झाक दिसते, तो बहुधा स्टिल्बाइट किंवा ह्यूलँडाइट. मध्ये बांधलेल्या पेंढीसारखा आकार असेल तर स्टिल्बाइट.

नदीचा दिवस वेगळा ठेवा. झिओलाइट मऊ, ते वाहून येताना पीठ होतात. गोट्यांत टिकतं ते अकीक, गारगोटी आणि तांबडा-पिवळा जास्पर. आपल्याकडे पाण्याची पातळी कोल्हापुरी बंधाऱ्यावर ठरते. पावसाळा सरला की बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) घालतात आणि वरच्या अंगाला फुगवटा येतो, म्हणून गोटे बघायचे ते बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला, नदीच्या वळणाच्या आतल्या बाजूला. प्रयाग चिखलीच्या पुढे पंचगंगेत गाळच जास्त. भोगावती, कुंभी, वेदगंगेच्या वरच्या अंगाला जा. सकाळी उन्हाकडे तोंड करून चाला, अकीक आतून उजळतो. धरणातून किंवा बंधाऱ्यातून पाणी कधी सोडणार ते पाटबंधारेच्या माणसाला विचारून घ्या. पोतं नको, पिशवी न्या. नदीकाठी पोतं दिसलं की वाळूचा संशय येतो, आणि तो रास्त आहे.

घरी आल्यावर घाई नको. साधं पाणी, जुना मऊ टूथब्रश, दोन दिवस भिजवणं, एवढ्यानेच बहुतेक माती निघते. गरम पाणी वापरू नका, अपोफिलाइटला तडे जातात. संडास साफ करायचं ॲसिड कॅल्साइट खाऊन टाकतं आणि कित्येक झिओलाइटही खराब करतं. लोखंडाचे तांबडे डाग फक्त गारगोटी-अकीकावर असतील तर प्लास्टिकच्या बादलीत लिटरला ५० ग्रॅम ऑक्झॅलिक ॲसिड, थंड पाण्यात, दोन-तीन दिवस, हातमोजे घालून. नंतर खायच्या सोड्याच्या पाण्यात बुडवून भरपूर धुवा. ते विष आहे; मुलं आणि जनावरं जिथे येतात तिथे बादली ठेवू नका. लॉमोंटाइट हा झिओलाइट सापडला तर हवाबंद डबीत ओलसर ठेवा, उघडा राहिला तर आतलं पाणी जाऊन आपोआप भुगा होतो. स्कोलेसाइटच्या सुयांना कापूस लावू नका, धागे अडकतात आणि काढताना सुया मोडतात. अंड्यांच्या ट्रेमध्ये दगड खाली, सुया वर, असं बसवा. जड दगडांना गाडीत उसाचं वाळलेलं पाचट चालतं, नाजूक नमुन्यांना नाही.

आणि चिठ्ठी. ती दगड गुंडाळायच्या आधी, जागेवर, पेन्सिलीने लिहायची. शाई घामाने पसरते. 'नमुना ७. गाव, गट नंबर, तारीख. विहिरीचा डबर, खोली अंदाजे ३५ फूट (मालकाने सांगितलं). मांजऱ्या, तांबड्या थराखाली. सोबत कॅल्साइट.' तोच आकडा दगडाच्या मागच्या बाजूला पांढऱ्या रंगाच्या ठिपक्यावर. विहीर बांधून झाली, डबर रस्त्याला गेला की त्या थराची एवढीच नोंद शिल्लक राहते. मालकाला एक धुतलेला खडा आणि चिठ्ठीची नक्कल नेऊन द्या. शेजारच्या गटात पुढची विहीर लागेल तेव्हा फोन त्यांचाच येतो.